चाल

आत बोलावण्याआधी मी त्याला चालताना पाहते.
नारीनच्या या दवाखान्याचा व्हरांडा लांब आहे,
मधली एक फरशी तडकलेली.
तिथून माझ्या दारापर्यंत येईतो
पाय बरंच बोलून जातात.

बायिश. वय वर्षं नऊ.
उजवं पाऊल टेकतं न टेकतं
तोच डावं घाईनं पुढे,
खाली तापला तवा असावा तसं.
गुरू, लघू. गुरू, लघू.
मात्रा चुकलेली ओळ.

आजोबा म्हणतात, घोड्यावरून पडला.
कधी?
मागल्या हिवाळ्यात.
आई म्हणते, शाळेचे बूट.
शेजारीण म्हणाली होती, नजर.
प्रत्येकानं एकेक कारण
आपापल्या मापाचं शिवून आणलंय.

मी आधी बूटच काढते.
नवखी असताना एका मुलीच्या मांडीचे
तीन तीन फोटो काढवले होते मी,
आणि सिस्टर ऐनुरानं तिच्या मोज्यातून
जवाचं कुसळ उपसून
माझ्या तळहातावर ठेवलं होतं.
बायिशच्या बुटात काही नाही.
मोज्याला एक भोक, आणि त्याची लाज.

कुठे दुखतं?
तो गुडघा दाखवतो.
गुडघा बिचारा निर्दोष.
पोरांच्या खुब्याचं दुखणं
गुडघ्याच्या नावानं येतं;
दुखणं म्हशीला, डाग पखालीला.
उताणं झोपवून पाय आत वळवते, सावकाश,
गंजलं बिजागर अजमावावं तशी.
अर्ध्या वाटेवर तो छताकडे बघतो,
ओठ आवळतो.
खुबा.

नऊ वर्षांच्या खुब्यात कोण कोण मुक्कामाला येतं!
सर्दीमागून येणारी सूज, आठवड्यात निघून जाणारी.
रक्तावाचून झिजत गेलेला हाडाचा गोल.
पू असता तर तो टेकूच शकला नसता पाऊल,
आणि मी रात्रीच त्याला बिश्केकच्या गाडीत घातला असता.
आणि ते एक,
ज्याचं नाव मी आयांसमोर घेत नाही.
पापणी खाली ओढून बघते.
मान, काख, जांघ.
डाव्या बरगडीखाली प्लीहा
बोटभर हाताला लागते,
आणि माझं बोट तिथंच थांबतं.

रात्री घाम?
उशी पिळावी इतका, आई म्हणते.
ताप संध्याकाळी चढतो,
सकाळी पोर हसत उठतं,
तीन आठवडे झाले.

लॅबमधून चिठ्ठी यायला चाळीस मिनिटं लागली.
रक्तात नको त्या पेशी नाहीत.
मी तोवर श्वास धरला होता
हे सोडल्यावर कळलं.

आजोबा बाहेर, आई फॉर्म भरायला.
तेव्हा बायिश म्हणाला,
ते माझ्यामुळे गेलं.
कोण?
कोकरू.

मार्चमध्ये अकरा मेंढ्या गाभडल्या.
एक पिल्लू हललंसं वाटलं त्याला.
बाहीनं तोंड पुसून
त्यानं त्याच्या तोंडात फुंकर घातली,
पुन्हा घातली,
अंधार पडेपर्यंत.
कुणाला सांगितलं नाही.
आता ते माझ्या पायात आहे, म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं.
मग ऐनुराला हाक मारली,
आणखी एक नळी रक्त, ब्रुसेलासाठी.
चार दिवसांनी उत्तर आलं:
होतं, पायातच होतं.

दोन औषधं, सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता.
दूध उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही.
कळपाला पशुवैद्य.
हे शेवटचं ऐकून आजोबा उठले,
आणि त्या व्हरांड्यात मी पाहिलं,
तडकल्या फरशीपाशी
तेही थबकून चालले,
ओठांतल्या ओठांत मेंढ्या मोजत.

बायिश मागे रेंगाळला.
फुंकर घातली ती चूक होती का?
वैद्यकाच्या पुस्तकात त्याला चूकच म्हणतील.
मी नाही म्हटलं.
बुटाची नाडी बांधून दिली,
जरा जास्तच घट्ट;
सोडून पुन्हा बांधली.